ताटात किती वाढून घ्यावे

अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रत्येक पदार्थ निम्माच खाण्याचा नेम तीन आठवडे पाळल्यावर चौथ्या आठवड्यात रात्री उठून खाऊचे डबे उघडावे लागले, असे तू लिहिले आहेस. याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस. सगळ्या पदार्थांना एकच कात्री लावली, चूक तेवढीच झाली.

एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४. पाणी भरपूर असलेल्या पदार्थांत हे सर्वच विरळ होते, म्हणून १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ किलोकॅलरी असतात आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे १२०. काकडी निम्मी केल्याने पोट तेवढे रिकामे राहते. बाटलीतून अंदाजाने ओतलेल्या तेलात मात्र एका चमच्याचे दोन कधी झाले, हे भांड्यात पाहून ओळखताही येत नाही. तेव्हा भाज्यांना हात लावू नकोस. अर्धे ताट त्यांचे, पाव प्रथिनांचे आणि पाव धान्याचे, ही वाटणी सुरुवातीस पुरेशी आहे. माप हवे ते तेल, साखर आणि सुक्यामेव्याला.

मी स्वतः कित्येक वर्षे वाचता वाचता रोज 'मूठभर' शेंगदाणे खात असे आणि ते ३० ग्रॅम असतील असे धरून चालत असे. एकदा तीच मूठ काट्यावर रिकामी केली, तर आकडा ५० च्या पुढे गेला. नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की ती मूठ मिटतच नव्हती, तो ओंजळीएवढा ढीग होता. शंभराहून अधिक किलोकॅलरी रोज हिशेबाबाहेर जात होत्या.

पोट भरले की आपोआप थांबू, या भरवशावर राहू नये. आहारशास्त्राच्या संशोधक बार्बरा रोल्स व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात ५०० ग्रॅमऐवजी १००० ग्रॅम पदार्थ समोर आला, तेव्हा लोकांनी सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा पोटात घातली, तरी पोट जास्त भरल्याचे त्यांना जाणवले नाही. म्हणून किती खायचे ते पहिल्या घासाआधी ठरवावे, पाकिटातून थेट न खाता वाटीत काढून घ्यावे आणि पुन्हा वाढून घेण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ द्यावा. पाकिटावरचे 'सर्व्हिंग' हे केवळ आकडे मांडण्याचे माप असते, तेवढे खावे असा सल्ला नव्हे. एका पाकिटात अशी दोन-तीन मापे सहज असतात. लहान ताट घेण्याच्या उपायावर माझा फारसा विश्वास नाही, कारण त्याबाबतचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत.

वजनकाटा जन्मभर वापरायचा नाही. दोन आठवडे वापर, म्हणजे नजर तयार होईल. वजन कच्च्याचे की शिजवलेल्याचे, हे मात्र लिहून ठेव. तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच-तीनपट होतो आणि इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नकोस, रक्तातील साखर एकाएकी घसरू शकते.

पुढच्या पत्रात तेल, साखर आणि सुकामेवा यांचे आधी केलेले अंदाज आणि काट्यावरचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठव. भाज्यांचे आकडे नकोत.