अर्जावरचा पत्ता आणि राज्याची प्रगती

प्रश्न : मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पेटंटच्या अर्जांत तमिळनाडूने महाराष्ट्राला मागे टाकल्याची बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "मग देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपल्या राज्याची कशी?" पेटंटच्या संख्येवरून राज्याचा नवोन्मेष मोजता येतो का आणि आर्थिक वाढीशी त्याचा संबंध कसा लावावा?

उत्तर : बातमी खरी आहे. 2022-23 या वर्षात तमिळनाडूतून साडेसात हजारांहून अधिक अर्ज दाखल झाले, तर महाराष्ट्रातून साडेपाच हजारांच्या थोडे पुढे. 2011च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर दर दहा लाख लोकांमागे तमिळनाडूतून शंभराहून अधिक आणि महाराष्ट्रातून पन्नासच्या आसपास अर्ज होतात, म्हणजे अंतर आणखी रुंदावते. परंतु विद्यार्थ्याला उत्तर देण्याआधी हा आकडा कशाची मोजदाद करतो, ते पाहायला हवे.

राज्यनिहाय तक्ता अर्जदाराच्या पत्त्यावरून तयार होतो, शोध जिथे लागला त्या जागेवरून नव्हे. पुण्यात पाषाण येथे असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेच उदाहरण घ्या. तिथल्या शास्त्रज्ञाने लावलेल्या शोधाचा अर्ज वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) या मूळ संस्थेच्या नावाने जातो आणि तिचा पत्ता नवी दिल्लीतल्या रफी मार्गावरचा आहे. काम पुण्याचे, नोंद दिल्लीची. उलट, मुख्यालय मुंबईत आणि प्रयोगशाळा बंगळुरूत असलेल्या कंपनीचे अर्ज महाराष्ट्राच्या खात्यावर जमा होतात. अर्जात शोधकाचा पत्ताही द्यावा लागतो. राज्याची बुद्धी मोजायची असेल तर तो रकाना वाचावा, पण बातम्यांमध्ये तो क्वचितच दिसतो.

दुसरी गोष्ट अर्ज भरण्यामागच्या कारणांची. सप्टेंबर 2021मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटच्या शुल्कात 80 टक्के कपात झाली, त्यामुळे 8,000 रुपयांचा अर्ज 1,600 रुपयांत होऊ लागला. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटना गुण असल्यामुळे अर्जांचा पूर आला, हे समजण्यासारखे आहे. त्यातले काही अर्ज उत्तम असतील, पण काही केवळ क्रमवारीपुरते असतात, असे माझे मत आहे. मंजुरीच्या आकड्यांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. 2022-23मध्ये देशात सुमारे 34 हजार पेटंट मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी ती संख्या एक लाखाच्या वर गेली. एका वर्षात देशाची कल्पकता तिप्पट होत नसते, हा बराचसा साचलेल्या अर्जांचा निपटारा होता.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा नूतनीकरणाचा आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते, मात्र तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी शुल्क भरले नाही तर ते रद्द होते. हे शुल्क वाढत जाते आणि सोळाव्या वर्षापासून मोठ्या कंपनीला दर वर्षाला 40,000 रुपये मोजावे लागतात. पंधरा वर्षांनंतरही कोणी खिशातून पैसे काढून पेटंट जिवंत ठेवत असेल, तर त्यातून त्याला काहीतरी मिळत असणार. अर्जाच्या गठ्ठ्यातून ते कळत नाही.

आता आर्थिक वाढीविषयी. पेटंट आधी आणि समृद्धी नंतर, अशी सरळ रेघ ओढता येत नाही. 1972पासून लागू झालेल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हते, ते फक्त तयार करण्याच्या पद्धतीला मिळत होते, आणि ही व्यवस्था 2005पर्यंत टिकली. तेच औषध वेगळ्या मार्गाने तयार करण्याचे कसब या काळात आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी कमावले आणि मुंबई परिसरातला औषधउद्योग त्याच जोरावर मोठा झाला. पेटंटच्या संख्येवरून त्या वर्षांचा अंदाज बांधणारा साफ चुकला असता. शिवाय, राज्याच्या उत्पन्नात पाऊसपाणी, बंदरे, वित्तसेवा असे बरेच काही मिसळलेले असते, म्हणून पेटंट आणि उत्पन्न यांची तुलना एकाच वर्षाची न करता मध्ये काही वर्षांचे अंतर ठेवून करावी.

आपण सांगलीच्या, म्हणून एक मुद्दा मुद्दाम जोडतो. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षवाणातून 'तास-ए-गणेश' हे वाण निवडून काढले, तर सोलापूरकडे 'सोनाका' हे वाण पुढे आले. हा नवोन्मेष नव्हे तर काय? पण आपल्या कायद्याच्या कलम 3नुसार वनस्पतीचे वाण, शेतीची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रणाली यांना पेटंट मिळत नाही. वाणांसाठी 2001चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालच्या नोंदी पेटंटच्या तक्त्यात येत नाहीत. अर्जांची माहिती देणारा पेटंट कार्यालयाचा अंक दर शुक्रवारी त्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो. एखादा अंक वर्गात उघडून शोधकांच्या पत्त्यांत सांगली किती वेळा येते, ते विद्यार्थ्यांना मोजायला सांगा.

प्रश्न : नीती आयोगाच्या नवोन्मेष निर्देशांकात महाराष्ट्र दुसऱ्यावरून चौथ्या क्रमांकावर गेला. राज्य खरोखर घसरले का?

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. 2020च्या आवृत्तीत 36 निकष होते, 2021च्या आवृत्तीत 66. फूटपट्टीच बदलली असल्याने दोन्ही वर्षांचे क्रमांक शेजारी ठेवून घसरण ठरवू नये. कर्नाटक मात्र 2019पासून तिन्ही आवृत्त्यांत मोठ्या राज्यांमध्ये पहिलेच राहिले.