अध्यात्म आणि नीती हे मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचे विषय असू शकतात का?

एखाद्या प्राध्यापकाने अध्यात्म, नीती आणि मानसिक आरोग्य यांची सांगड घालण्यात सारी कारकीर्द वेचली, तर त्याला शास्त्र म्हणायचे की प्रवचन, असे आपण विचारले आहे. मी समुपदेशनाचे काम करते. माझे उत्तर शास्त्र असे आहे, आणि ते मी एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या कामावरून देते.

वर्दिंग्टन मूळचे अणुअभियंते. पुढे ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९७८ पासून अमेरिकेतील रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात शिकवू लागले. आपली ख्रिस्ती श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. त्यांच्या अभ्यासाचा विषय क्षमा हा होता, आणि त्याची कसोटी फार क्रूरपणे लागली. १९९५ च्या अखेरच्या रात्री नॉक्सव्हिल येथे घरफोडीत त्यांच्या वृद्ध आईची हत्या झाली. भावंडांशी बोलताना बेसबॉलच्या बॅटकडे बोट दाखवून, मारेकरी आत्ता समोर असता तर याच बॅटने त्याचे डोके फोडले असते, असे ते बोलून गेले. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा त्यांनी क्षमेची स्वतःचीच पद्धत स्वतःवर वापरली. दारात गाडी नाही म्हणून घर रिकामे समजून शिरलेला आणि अचानक कोणी समोर आल्यावर बिथरलेला चोर त्यांनी डोळ्यांसमोर आणला, आणि आपल्या मनातला द्वेषही खुनापर्यंत पोहोचला होता हे त्यांना जाणवले.

त्यांच्या या पद्धतीचे नाव ‘रीच’ (REACH, पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून). तिच्यात पाच पायऱ्या आहेत: दुखावणारा प्रसंग शक्य तितक्या तटस्थपणे आठवणे, अपराध्याच्या बाजूने तो पाहणे, आपल्यालाही कधी कोणी माफ केले होते हे स्मरून क्षमा देणगीसारखी देणे, तो निश्चय लिहून वा बोलून पक्का करणे, आणि राग पुन्हा उसळला तरी निश्चय न सोडणे. दुसऱ्या पायरीसाठी समोर रिकामी खुर्ची ठेवतात. दुखावलेली व्यक्ती आधी त्या खुर्चीशी बोलते आणि मग स्वतः तिथे बसून अपराध्याच्या तोंडून उत्तर देते.

या कामाला मी शास्त्र म्हणते, कारण ही पद्धत श्रद्धेच्या भरवशावर सोडली गेली नाही. कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन येथील ४,५९८ लोकांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच भरायच्या कार्यपुस्तिकेने मनातली अढी कमी झाली आणि नैराश्य व चिंतेची लक्षणेही घटली. त्याआधी, २००२ मध्ये, मार्क राय आणि केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी प्रेमसंबंधात दुखावलेल्या महाविद्यालयीन तरुणींसाठी क्षमेचे धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष असे दोन कार्यक्रम तपासले होते, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच झाला. श्रद्धावान अभ्यासकाला हा निष्कर्ष सोयीचा असतोच असे नाही, पण तो प्रसिद्ध झाला.

मला या कामातला नीतीचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. वर्दिंग्टन क्षमा आणि समेट वेगळे ठेवतात, आणि क्षमा केली म्हणून न्याय मागायचा नाही असेही ते मानत नाहीत. सूड घ्यायचा नाही हे ठरवणे एक, आणि मनातली कटुता खरोखर विरणे दुसरे. पहिले एका दिवसात होऊ शकते, दुसऱ्याला काळ लागतो. आपल्याकडे मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून परत धाडतात, तेव्हा क्षमा, समेट आणि न्यायाचा आग्रह सोडणे या तिन्ही गोष्टी तिच्याकडून एकदमच मागितल्या जातात. अशा मुलीने तक्रार नोंदवावी, वेगळे राहावे, आणि तिला वाटले तरच, वाटेल तेव्हा, क्षमेचा विचार करावा.

स्वतःला क्षमा करण्याबाबत वर्दिंग्टन अधिक कठोर आहेत. भावाने आत्महत्या केल्यावर त्यांना अपराधीपणाने ग्रासले, आणि त्यातून २०१३ चे पुस्तक आले. स्वतःला माफ करण्याआधी, आपण दुखावलेल्या माणसांशी बिघडलेले नाते दुरुस्त करण्याची पायरी त्यात आहे. ती गाळून मनःशांती देऊ पाहणारे समुपदेशन मला अपुरे वाटते, मग ते धार्मिक असो वा नसो.