तहकूब, स्थगित आणि ‘तारीख पडली’

देवगडच्या एका वाचकांनी विचारलंय: फौजदारी खटल्यात साक्षीला गेलो, पण साक्ष झालीच नाही. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) ‘तहकूब’ लिहिलं होतं, पेपरात मात्र ‘खटला स्थगित’ छापून आलं. दोन्ही एकच का?

नाही. तहकूब म्हणजे आजचं काम थांबवून पुढच्या दिवसावर नेणं. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होते आणि पुन्हा भरते, तसंच. स्थगिती बहुधा वरच्या कोर्टाची. ती उठेपर्यंत खालचा खटला हलत नाही. तुमच्या बाबतीत पेपराचा शब्द चुकला.

बोलताना मात्र आपण या दोन्हींच्या वाटेला जात नाही. आपली ‘तारीख पडते’. मालवणीत ‘खंय चललस?’ ‘तारखेक’ एवढ्यावर भागतं, कोर्टाचं नावही घ्यावं लागत नाही. मला खुपतं ते यातलं ‘पडली’. पाऊस पडावा, माड पडावा, तशी तारीख पडते. कुणी पाडली, का पाडली, हे वाक्यात कुठेच नाही.

कायद्याला मात्र हा कर्ता हवा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ पाहा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ३०९ होतं). साक्षीदार हजर असतील तर सगळ्यांच्या साक्षी होईपर्यंत सुनावणी रोजच्या रोज चालवायची. पक्षकाराच्या हाताबाहेरची अडचण असेल तरी तहकुबी जास्तीत जास्त दोनदा, तीही दुसऱ्या बाजूचं ऐकून आणि कारण लिहून. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे कारण चालत नाही. आणि आलेल्या साक्षीदाराला न तपासता परत पाठवायचं तर विशेष कारण लेखी हवं.

गेल्या वर्षी एका कोर्टाच्या व्हरांड्यात एक मच्छीमार भेटले होते. सकाळचा लिलाव सोडून आलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं समन्स. दुपारी बाहेर आले नि म्हणाले, ‘तारीख पडली.’ कशामुळे, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

म्हणून लिहिताना ‘बचाव पक्षाच्या अर्जावरून सुनावणी तहकूब केली’ असं, ज्याचा अर्ज त्याच्या उल्लेखासह लिहावं. आणि पुढच्या वेळी पुकारा झाला की आपण हजर आहोत हे सांगा. साक्ष झाली नाही तर रोजनाम्यात तुमची हजेरी आणि तहकुबीचं कारण आलंय का, ते सरकारी वकिलांना विचारा.