भुसावळ स्टेशनवर बेघर माणूस दिसला तर कुणाला सांगायचं? खान्देशात हे सगळं एकत्र कोण बघतं?

खरं सांगू का भाऊ, तिन्ही जिल्ह्यांसाठी मिळून एक टेबल असं नाही. निवाऱ्याची जबाबदारी त्या-त्या शहराची: जळगाव-धुळ्यात महापालिका, भुसावळ-नंदुरबारात नगरपरिषद. तिथला बेघरांच्या निवाऱ्याचं काम बघणारा कक्ष विचारा, चौकशी खिडकीवर वेळ घालवू नका. शहरी गरिबांसाठी 2024 पर्यंत चाललेल्या केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता: लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय हवी. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4.6 लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने साडेचारशेच्या वर खाटा. आता हा आकडा घेऊन आपापल्या शहरातला निवारा बघून या.

गाडं अडतं ते कागदावर. गेल्या थंडीत फलाटाच्या टोकाला गोणपाट पांघरून बसलेल्या एका बाबांशी बोललो. आधार पिशवीसकट चोरीला गेलेलं, रेशन गावाकडच्या कार्डावर, आणि गाव सुटून बारा वर्षं. निवाऱ्यात नाव लागलं की तिथलं प्रमाणपत्र आधारला पत्ता म्हणून चालतं, मग रेशन, पेन्शन. म्हणून आधी निवारा, बाकी मागाहून. पण बाबा म्हणाले, "तिथे बिडी ओढू देत नाहीत." यावर काय बोलणार!

माणूस भ्रमिष्ट वाटला तर 112 लावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला 24 तासांत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. लहान मूल असेल तर 1098, म्हातारं माणूस असेल तर 14567.