नॉर्डिक कम्बाइन्डचा हंगाम प्रथमच पाहणाऱ्यांसाठी
नॉर्डिक कम्बाइन्ड म्हणजे स्कीवरून मारलेली उडी आणि त्यानंतरची क्रॉस-कंट्री स्कीइंगची शर्यत यांचा एकत्रित खेळ. त्याच्या विश्वचषकाचा हंगाम तुम्ही प्रथमच पाहणार असाल, तर केवळ स्कीइंगची शर्यत न पाहता आधीची उडीही अवश्य पाहावी, कारण गुंडरसन पद्धतीत उडीच्या गुणांतील फरक वेळेत बदलला जातो आणि १५ गुणांनी मागे पडलेला खेळाडू १० किलोमीटरच्या शर्यतीला आघाडीवीरानंतर पूर्ण एक मिनिटाने निघतो. हा पाठलाग हाच या खेळाचा प्राण आहे. फिनलंडमधील रुका येथील सुरुवातीच्या निकालांवरून विजेता ठरवण्याची घाई करू नये. ऑस्ट्रियातील झेफेल्डची तीन दिवसांची मालिका मात्र चुकवू नये. महिलांच्या स्पर्धाही आवर्जून पाहाव्यात. त्यांचा विश्वचषक डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातील रामसाऊ येथे सुरू झाला, तरीही २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांना स्थान मिळाले नाही, हे मला फार सलते.