प्रार्थना चालू आहे, पण समोर कोणी आहे असं वाटत नाही

मी समुपदेशक. चर्चच्या मंडळीतली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा वेगळीच कारणं घेऊन. झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही, मुलगा नोकरीत टिकत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मात्र अनेकांच्या तोंडून एकच वाक्य येतं, तेही मान खाली घालून: "प्रार्थना करते, शास्त्र वाचते, पण समोर कोणी आहे असं वाटत नाही." असं म्हणणारे आळशी नसतात, अविश्वासूही नसतात. बरेचदा मंडळीचा भार वाहणारेच असतात. त्यांच्यापैकी एकीची हकिगत ओळख पटणार नाही इतकी बदलून सांगते.

त्या निवृत्त परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागले. यजमान मूत्रपिंडाच्या आजाराने गेले होते. साऱ्या मंडळीने त्यांच्यासाठी उपास-प्रार्थना केली होती. त्यानंतरही सिस्टरांचा नेम मोडला नव्हता. पहाटे उठून प्रार्थना, दरवर्षी संपूर्ण बायबल, आठवड्याला बायकांची प्रार्थनासभा.

"वाचताना कुठे थांबता?" मी विचारलं.

"थांबून कसं चालेल? मग पुढचं राहतं ना."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बायबलचे ११८९ अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार व्हायलाच हवेत. अशा वार्षिक वाचनाचा एक प्रसिद्ध तक्ता रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण पाळकांनी १८४२ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या आपल्या मंडळीसाठी तयार केला. तक्ता देतानाच त्यांनी त्यातले धोकेही सांगितले होते: वाचन नुसता उपचार होईल, वाचल्याचा अभिमान चढेल, लक्ष न देता पानं उलटली जातील, काहींना त्याचं जू जड होईल. तक्ता पुष्कळांपर्यंत पोहोचला, इशारा फारसा कुणाच्या कानी पडला नाही.

पुढच्या भेटीत मी सिस्टरांना म्हटलं, "सकाळी जशी करता तशीच प्रार्थना इथे कराल?"

त्यांनी डोळे मिटले. स्वर्गीय पित्याचे आभार, पाळकसाहेबांसाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या मुलांसाठी विनंत्या, आमेन. सुंदर प्रार्थना होती. साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या अर्जासारखी नीटनेटकी.

"सिस्टर, यात तुमचे यजमान कुठे आहेत?"

"ते प्रभूकडे गेले. त्यांच्यासाठी आता काय मागणार?"

"मागू नका. त्यांच्याविषयी देवाशी बोलता का?"

बराच वेळ त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलायला लागले तर तोंडातून वेडंवाकडं काहीतरी जाईल, मॅडम."

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शिकले आहे: असं वाक्य आलं की घाई करायची नाही, समजूत तर मुळीच घालायची नाही. मी बायबल उघडून त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी सभेत वाचतात तसं सुरू केलं. तू माझ्यापासून तोंड का लपवतोस, असा प्रश्न आला तिथे आवाज अडला. शेवटी आशेचा शब्द येईल म्हणून त्या पान उलटू लागल्या. तो नाहीच. ते स्तोत्र अंधारातच संपतं.

"हे दरवर्षी वाचते मी?"

"तक्त्यात येतंच की."

मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नव्हे. "डायलिसिसला नेताना रोज तुला हाक मारत होते. इतरांच्या खाटेपाशी उभी राहून प्रार्थना केली, ते बरे झाले. माझ्याच माणसाच्या वेळी कुठे होतास?" वाक्यं तुटक होती, घरच्या बोलीतली होती. त्यात 'परमदयाळू' एकदाही आलं नाही. रडून झाल्यावर म्हणाल्या, "तो ऐकत होता असं आज वाटलं."

मी माणसाकडे त्याच्या नात्यांतून पाहणारी समुपदेशक आहे, आणि माझी खात्री दिवसेंदिवस पक्कीच होत गेली आहे: ज्या नात्यात रागाला मज्जाव असतो तिथे जिव्हाळाही हळूहळू आटतो, मागे उरतो तो शिष्टाचार. नवरा-बायकोत हे मी पुष्कळदा पाहते. देवाशी असलेलं नातं वेगळ्या नियमाने चालत नाही. शास्त्राला हे पुरेपूर ठाऊक आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. मूल नसलेली हन्ना मंदिरात इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यायलेली वाटली. मुलंबाळं, धन, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाने देवाला थेट जाब विचारला. तरी शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, देवाची बाजू मांडणारे त्याचे मित्र नव्हेत. ते मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते तोवरच त्यांचं बरोबर होतं! विश्वास कमी पडला, असं दुःखी माणसाला सांगणाऱ्यांनी ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचावं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी वाचन कमी करायला सांगते. एक स्तोत्र आठवडाभर पुरतं. मोठ्याने वाचा. गोड वाटणाऱ्या वचनापेक्षा जे बोचतं तिथे थांबा आणि त्याला उत्तर द्या, आईशी बोलता त्या भाषेत. दहा मिनिटं पुरे. मात्र तक्रार देवाकडेच करा. चारचौघांत देवाविषयी कुरकुर केल्याने नातं जवळ येत नाही. ८८ व्या स्तोत्रातला माणूसही अखेरपर्यंत देवालाच उद्देशून बोलतो. आज काही जाणवलं का, हे रोज तपासू नका. आणि शब्दच सुचत नसतील तर शुभवर्तमानात आजारी मुलासाठी येशूकडे आलेल्या बापाचे उसने घ्या: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.

झोप, भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. त्यात विश्वासाला कमीपणा नाही. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. देवाचा मंद स्वर त्याने ऐकला तो त्यानंतर.

सिस्टरांनी वार्षिक तक्ता सोडला नाही, पण आता तो दोन वर्षांत पुरा करायचं ठरवलं आहे. प्रार्थनासभेत महिन्यातून एकदा त्या विलापाचं स्तोत्र घेतात. पहिल्या वेळी दोघी उठून गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्यातली एक परत आली, आणि येताना शेजारणीलाही घेऊन आली.