युरोपात कालव्याकाठी पायवाटा असतात, तसं गोव्यात कालव्याच्या काठाने चालत निसर्गाचे आणि पक्ष्यांचे फोटो काढायला कुठे जावं? ६०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स लागेलच का?

तुम्ही युरोपातल्या कालव्याकाठच्या पायवाटांचं उदाहरण दिलंय. त्या वाटा घोड्यांनी मालाच्या होड्या ओढायला केलेल्या. आपल्याकडे तसलं काही नाही. तिळारीच्या कालव्याला कडेने वाट आहे, पण त्या सिमेंटच्या पन्हाळीत माझा तरी जीव रमत नाही. गोव्यात चालायचं ते खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावरून. एका अंगाला खारं पाणी आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला भातशेत. चोडण, दिवाडी, सांतइस्तेव, कुंभारजुवे, यातल्या कुठल्याही बेटावर जा.

लेन्सचं वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. एका स्पर्धेला मी मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाचा, फोटो पाठवला होता. सुकती (ओहोटी) लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारं उघडतात, भरती आली की मिटतात. पाणी बाहेर धावतं त्याबरोबर मासळी येते, म्हणून तोंडाशी जाळं लावतात. माझ्या फोटोत एक म्हातारा गुडघाभर चिखलात उभा राहून जाळं झटकतोय, मागे चिऱ्यांच्या भिंतीवर बगळे ओळीने बसलेत आणि त्यातल्या एकाच्या चोचीत कोळंबी, तिच्या मिशा बाहेर लोंबतायत. परीक्षक म्हणाले, "माणूस आणि भिंत कापा, बगळा तेवढा ठेवा." मी म्हटलं, अहो, माणूस गेला तर बगळा तिथे कशाला बसेल? बांध फुटला, मानस मोडली की कोरगुट भाताचं शेत खारं होतं, मग कसली मासळी आणि कसले बगळे! सगळे हसले. बक्षीस मिळालं काठीवर बसलेल्या खंड्याला. तसल्या काठ्या कोण रोवतं आणि खाली टबात मासे कोण सोडतं, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे भाऊजी परीक्षकांच्या बाजूचे. अजून दर चवथीला जेवायला बसलं की विषय काढतात.

तेव्हा ६०० नको. ७०-३०० भरपूर झाली. त्या तोफेत बगळ्याचा डोळा येतो, बांध येत नाही. भरती-सुकतीची वेळ बघून जा, सुकती अर्ध्यावर आली की मानशीजवळ बसा आणि हलू नका. कुंभारजुव्याचा कालवा मांडवीपासून झुवारीपर्यंत साधारण उत्तर-दक्षिण जातो, त्यामुळे ऊन पाठीशी हवं तर सकाळी पूर्वेकडच्या फोंड्याच्या बाजूने, संध्याकाळी पश्चिमेकडच्या तिसवाडीच्या बाजूने. थंडीत सुकतीला चिखलावर मगरी तोंड उघडून ऊन खात पडलेल्या दिसतात. ही मगर खरं तर गोड्या पाण्यातली, इथे खाऱ्यात राहते. बोरी-दुर्भाटकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, त्याला मांगे थापणी म्हणतात. गेलात तर तो फोटो काढा. तिथे माणूस कापून दाखवा म्हणावं भाऊजींना!

आता एक खरं की बहुतेक स्पर्धांच्या निसर्ग विभागात माणसाच्या खुणा नियमातच बसत नाहीत. बक्षिसासाठी काढणार असाल तर खुशाल ६०० घ्या आणि रायबंदरहून फेरीबोटीने चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जा. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे, पण खारफुटीतला खंड्या तिथे बिनटबाचा मिळतो.

पावसात बांधावर जाऊ नका, माती पायाखालून निसटते. मगरीच्या पट्ट्यात पाण्याच्या कडेला बसायचं नाही, फोटो पुलावरून किंवा होडीतून. आणि मानशीवरच्या माणसाला आधी विचारा. रात्री जाळं काढताना न विचारता फ्लॅश मारलात तर तो जे कोकणीत बोलेल, ते समजायला तुम्हाला कोकणी यावी लागणार नाही.